नर्सरीच्या साईटवर फोटो कोणत्या फॉरमॅटमध्ये टाकू, जेपीजी का वेबपी का अजून काही?

नर्सरीवाली_ताई

नमस्कार मंडळी, वरूड तालुक्यातून लिहून राह्यली. शेंदुरजना घाटच्या बाजूले आमच्या काकाची संत्र्याची नर्सरी आहे, जंभेरीवर, म्हणजे लिंबाच्या जातीच्या खुंटावर, संत्र्याचे डोळे (कळ्या) बांधून कलमा तयार करतो. त्यांच्यासाठी वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) साईट बनवली मी, म्हटलं गिऱ्हाईकाले घरबसल्या माल दिसला पाहिजे. साईट दिसायले चांगली आहे पण लवकर उघडतच नाही बाप्पा. काटोल, नरखेड, तिकडं पांढुर्ण्याहून फोन येतात का ताई लिंक दाबली अन् नुसतं गोल फिरून राह्यलं. आता आमचं गिऱ्हाईक म्हणजे धुऱ्यावर उभं राहून मोबाईल पाहणारा माणूस, तिथं नेटवर्कची एक काडी असली तरी नशीब.

फोटो सगळे मोबाईलचेच, ४००० बाय ३०००, एकेक चार एमबीच्या आसपास, अन् पहिल्याच पानावर १८ टाकले आहेत. स्पीड तपासणाऱ्या साईटवर पाह्यलं तं ते म्हणते नेक्स्ट जेन म्हणजे नवीन फॉरमॅट वापरा. इथल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं पीएनजी करा, त्यात क्वालिटी जात नाही, तं पीएनजी केल्यावर चार एमबीचा फोटो वीसच्या घरात गेला, हे काऊन होते? काका म्हणते व्हॉट्सॲपवर स्वतःलेच पाठव, आपोआप बारीक होते. तसा होतेही, पण मंग कोळशी (काळी बुरशी) आलेल्या पानाचा फोटो पुसल्यासारखा दिसते अन् कलमाचा जोड तं कळतच नाही. अन् गिऱ्हाईक तेच पाहते हो, बोटानं मोठं करून पाहते का डोळा किती उंचीवर बांधला, जोड साफ बसला का, पानावर काही रोग आहे का.

भावाजवळ आयफोन आहे, त्याचे फोटो एचईआयसी का काय ते येतात, कधी अपलोड होतात कधी नाही.

तं नेमकं करू काय? फॉरमॅट कोणता, क्वालिटीचा आकडा किती ठेवू? पैसे देऊन प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसले जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर, घ्यायचं नाही, काका आधीच होस्टिंगच्या बिलावर कुरकुर करून राह्यला.


सेतूवाला_दिग्रस

ताई मी सेतू केंद्र चालवतो, दिवसभर हेच काम आहे माह्यं, फोटो ५० केबीच्या आत बसव अन् सही २० केबीच्या आत बसव. पोरं फॉर्म भरायले येतात, मोबाईलमधला पाच एमबीचा फोटो पुढं करतात, अन् पोर्टल काय तं फक्त जेपीजी घेते, तेही मापाचंच.

त्याच्यातून एकच गोष्ट कळली, लोक पहिले क्वालिटी खाली खाली ओढत बसतात, ते उलटं आहे. पहिले कापा, फालतूचं आभाळ, कुंपण, कोणाची चप्पल, सगळं काढा. मंग लांबी रुंदी कमी करा. अन् सगळ्यात शेवटी क्वालिटीले हात लावा. फॉरमॅटचं नंतर पाहू, निस्तं ४००० चं १२०० केलं तरी अर्ध्याच्या वर काम तिथंच होऊन जाते.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तं फोटो म्हणून पाठवला का ते स्वतःच्या हिशोबानं दाबते, आपल्या हाती काही राहत नाही. भावाकडून फोटो मागवायचा असला तं डॉक्युमेंट म्हणून पाठवायले सांगा, मंग जसाच्या तसा येते.

अन् एक, गुगलवर फोटो कॉम्प्रेस टाकलं का शंभर साईटी निघतात, तिथं अपलोड करू नका. तुमच्या कलमांचं ठीक आहे, पण सवय लागली का उद्या आधार कार्डही तिथंच टाकता. मी स्क्वूश वापरतो, गुगलवाल्यांचंच आहे, फुकट आहे, ब्राऊझरमध्ये उघडते पण फोटो आपल्याच मशीनवर राहते. मधात एक दांडी असते, ती इकडं तिकडं सरकवली का पहिलेचा अन् नंतरचा फोटो एकावर एक दिसते. त्याच्यात रिसाईझही आहे.

माह्या मतानं सगळे फोटो १०० केबीच्या आत आणा, विषय संपला.


मूळचा_मोर्शीचा

मी पुण्यात वेबचं काम करतो, घर मोर्शीलाच आहे, त्यामुळे नेटवर्कची काडी काय चीज असते ते माहीत आहे 😀

सेतूवाल्या भाऊंचा क्रम बरोबर आहे, फक्त १०० केबीचा हट्ट नको, त्यावर खाली लिहितो.

आधी पिक्सेलचा, म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांचा, हिशोब घ्या ताई. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. साधारण अँड्रॉईड मोबाईलची स्क्रीन आडवी ७२० नाहीतर १०८० पिक्सेल असते. म्हणजे तुम्ही कितीही पाठवा, दिसणार तेवढंच. १२०० बाय ९०० केलं की १० लाख ८० हजार पिक्सेल उरतात, अकरा पटीनं कमी, आणि पाहणाऱ्याला फरक काहीच नाही. आणि हे फक्त डाऊनलोडपुरतं नाही बरं का. फाईल कितीही दाबून छोटी केली तरी दाखवताना मोबाईल ती पूर्ण उलगडतो, एका पिक्सेलला चार बाईट धरले तर ४००० बाय ३००० चा एक फोटो मेमरीत ४८ एमबी खातो, मग फाईल चार एमबीची असो की चारशे केबीची. असे १८ फोटो एका पानावर म्हणजे स्वस्तातला मोबाईल आचके देणारच, नेटवर्क चांगलं असलं तरी देणार.

आता एक दुरुस्ती. तुमचा चार एमबीवाला ओरिजिनल बहुतेक बाहेर जातच नाहीये. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलच्या वरचा फोटो आला की ते स्वतः २५६० ची कॉपी करून तीच वापरतं, शिवाय ३००, ७६८, १०२४ अशाही कॉप्या बनवून ठेवतं. पण तुम्ही फोटो टाकताना साईझमध्ये फुल निवडलं असेल तर ती २५६० वाली जाऊ शकते, आणि १०८० च्या स्क्रीनसाठी तीसुद्धा पिक्सेलच्या हिशोबानं साडेपाच पट जास्त झाली. म्हणून आज काहीच करायला वेळ नसेल तर फक्त एवढं करा, प्रत्येक फोटोवर जाऊन फुलचं लार्ज करा. पैसे शून्य, प्लगइन शून्य.

पीएनजी का फुगतो तर त्याच्यात काहीच टाकून देत नाहीत, एकूण एक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे असा त्याचा नियम आहे. लोगो, स्क्रीनशॉट, एकसारखा रंग, धारदार अक्षरं, तिथं तो भारी चालतो, कारण सारखंच सारखं असलं की थोडक्यात लिहिता येतं. पण फोटोमध्ये शेजारचे दोन पिक्सेल कधी सारखे नसतात, मातीच्या फोटोत तर मुळीच नाही. त्यात तुमचा मूळ फोटो जेपीजीच होता, म्हणजे जे जायचं ते मोबाईलमध्येच गेलं होतं, पीएनजी केल्यानं ते परत येत नाही, फक्त फाईल फुगते. तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्यानं वाक्य अर्धंच सांगितलं.

जेपीजी म्हणजे १९९२ चं स्टँडर्ड, फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार, जे डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, ते कमी करत जातं. क्वालिटीचा आकडा म्हणजे हे किती करायचं ते. तो टक्का नाही, हे ध्यानात ठेवा. ८० म्हणजे ८० टक्के क्वालिटी असं काही नसतं आणि एका सॉफ्टवेअरचे ८० दुसऱ्याच्या ८० शी जुळतीलच असंही नाही. जेपीजीचे ७५ आणि वेबपीचे ७५ यांचा तर संबंधच नाही. म्हणून आकडा पाठ करू नका, फोटो पाहून ठरवा.

म्हणूनच सरसकट १०० केबीही नको. झाडावरच्या संत्र्याचा फोटो, मागं धूसर बाग, तो ७० केबीतही मस्त दिसेल. तोच कलमांच्या पिशव्यांचा फोटो, माती, खत, बारीक पानं, शेकडो काड्या, त्याला त्याच क्वालिटीवर अडीचशे केबी लागले तर लागू द्या. १०० मध्ये कोंबला की पहिला जातो तो जोड, ज्याच्यासाठी फोटो टाकला तोच.

फॉरमॅट म्हणाल तर वेबपी करा. गुगलनं २०१० ला आणलं, आयफोनच्या सफारी ब्राऊझरमध्ये २०२० ला आलं, आता चालू वापरातल्या जवळपास सगळ्या मोबाईलवर चालतं. तेवढ्याच क्वालिटीला जेपीजीपेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश बारीक. वर्डप्रेस ५.८ पासून वेबपी सरळ अपलोड होतं. स्क्वूशमध्ये १२०० रुंदी, वेबपी, ७५ पासून सुरुवात करा आणि जोडावर झूम करून पाहा.

एचईआयसी वेबवर नको. आयफोनमध्ये ते आयओएस ११ पासून म्हणजे २०१७ पासून आहे, पण क्रोम आणि फायरफॉक्स ते दाखवत नाहीत. वर्डप्रेस ६.७ पासून अपलोड करताना त्याचा जेपीजी करतं, पण होस्टिंगच्या सर्व्हरवर ती सोय असेल तरच, त्यामुळे कधी होतं कधी नाही. त्यापेक्षा भावाला सांगा सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कम्पॅटिबल करून टाक, पुढचे फोटो जेपीजीच निघतील.


क्लिकवाला_वणी

लग्नाचे फोटो काढतो, पण मधात एका कृषी केंद्रवाल्याचं कॅटलॉगही केलं होतं म्हणून बोलतो.

वेबपीवर माझा एक आक्षेप आहे राजेहो. ताईंचा माल काय तं संत्रा. हिरव्या पानावर नारिंगी फळ. आता लहान फाईल करणारे हे फॉरमॅट उजेड-अंधार पूर्ण ठेवतात पण रंग चार पिक्सेल मिळून एकच ठेवतात, ४:२:० म्हणतात त्याले. चेहऱ्यावर, आभाळावर कळत नाही. पण गडद नारिंगी अन् हिरवा जिथं एकमेकाले भिडते ना, ती कड मोठी करून पाहा, रंग सांडल्यासारखा दिसते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असली तं अजून वाईट. जेपीजीमध्ये हे बंद करता येते, स्क्वूशमध्येच सेटिंग आहे. साध्या वेबपीमध्ये बंद करताच येत नाही, फार तं शार्प आरजीबी टू वाययूव्ही म्हणून एक टिक आहे ॲडव्हान्स्डमध्ये ती मारायची, बराच फरक पडते.

लोक म्हणतील मंग एव्हीआयएफ घ्या, सगळ्यात नवीन, सगळ्यात बारीक. त्याच्यात रंग पूर्ण ठेवता येते हे खरं, क्रोममध्ये २०२० पासून, आयफोनमध्ये आयओएस १६ पासून चालते हेही खरं. पण लय दाबलं का ते डाग नाही पाडत, ते गुळगुळीत करते. जेपीजी बिघडला का चौकोन दिसतात, माणसाले कळते का फोटो खराब आहे. एव्हीआयएफ बिघडला का पान धुवून पुसून ठेवल्यासारखं सुंदर दिसते. आता कोळशी म्हणजे काय, पानावरची काळी बुरशी, बारीक काजळी. ती कमी कॉन्ट्रास्टची असली का हे फॉरमॅट तिले खुशाल सपाट करून टाकते, रोगट पान निरोगी दिसते 😂 नर्सरीवाल्याले परवडेल, पण गिऱ्हाईक उद्या शिव्या घालेल. चांगल्या क्वालिटीवर ठेवलं तं ठीक, पण मंग फाईल बारीक करायचा फायदाही तेवढाच कमी.

रंगाचं अजून एक. काही मोबाईल अन् कॅमेरे फोटो डिस्प्ले पी३ नाहीतर ॲडोबी आरजीबी अशा जास्त रंगांच्या मापात काढतात, अन् कॉम्प्रेस करताना फाईल बारीक व्हावी म्हणून सॉफ्टवेअर ते माप सांगणारं प्रोफाईलच काढून टाकते. मंग ब्राऊझर त्याले एसआरजीबी, म्हणजे वेबचं नेहमीचं रंगाचं माप, समजते अन् संत्रा फिका पडते. आंबिया बहाराचं पिकलेलं फळ अर्धं कच्चं दिसायले लागते. म्हणून आधी एसआरजीबीमध्ये बदला अन् मंग बाकीचं करा.

अन् ओरिजिनल कधीच पुसू नका. पेनड्राईव्हवर, ड्राईव्हवर, कुठंही ठेवा. जेपीजी उघडला, थोडा कापला, सेव्ह केला, परत उघडला, नाव टाकलं, परत सेव्ह केला, दर वेळी थोडं थोडं जाते. काही बदलायचं असलं तं ओरिजिनलपासूनच सुरू करायचं. लहान केल्यावर हलकंसं शार्पन द्या, लहान करताना फोटो जरा मऊ होते.


मूळचा_मोर्शीचा

क्लिकवाल्या दादांचं एव्हीआयएफबद्दल पटलं. रंगाचं मात्र १२०० पिक्सेलवर मोबाईलमध्ये फारसं जाणवणार नाही असं मला वाटतं, ती शार्पवाली टिक मारली की काम होतं. पाटीचं म्हणाल तर तो प्रश्न फॉरमॅटचा नाहीच. रेटबोर्डचा फोटो टाकूच नका ताई, रेट सरळ टाईप करा. काही केबीसुद्धा लागणार नाही, गुगललाही वाचता येईल आणि भाव बदलला की परत फोटो काढायला नको.

कुणी जेपीईजी एक्सएल हा नवा फॉरमॅट सुचवेल म्हणून आधीच सांगतो, चीज चांगली आहे, जुना जेपीजी काही न गमावता वीसेक टक्के बारीक करते. पण सफारीनं २०२३ ला घेतलं तेव्हा क्रोमनं प्रयोगातला सपोर्ट काढून टाकला होता. आपलं गिऱ्हाईक अँड्रॉईडवर, म्हणजे त्याच्या नादी लागायचं काम नाही.


जंगलगाईड_मोहर्ली

मधात बोलतो, माफ करा. फोटोच्या आत जागा लिहिलेली असते, अक्षांश रेखांश, ते काढायचं विसरू नका. आम्ही ताडोब्याकडचे, इथं पाहुण्यांना सांगत असतो की वाघिणीचा पिल्लांसोबतचा फोटो टाकायचा तर लोकेशन काढून टाका. नर्सरीचा पत्ता तसाही साईटवर असतो म्हणा, पण घरी अंगणात काढलेला फोटोही त्याच्यात जातो ना.


मूळचा_मोर्शीचा

बरोबर. वर्डप्रेस ज्या छोट्या कॉप्या करतं त्यातून ही माहिती साधारण निघून जाते, पण ओरिजिनल फाईल सर्व्हरवर तशीच पडलेली असते आणि लिंक माहीत असेल तर कुणीही उघडू शकतं. स्क्वूशमधून काढलेल्या फोटोत ती राहत नाही. म्हणून आधी बारीक करून मगच चढवा, चार एमबीवाला सर्व्हरवर जाऊच देऊ नका. काकांच्या होस्टिंगची जागाही वाचेल.


नर्सरीवाली_ताई

सगळ्याइले लय धन्यवाद. काल रात्री बसून पहिल्या पानाचे फोटो केले, १२०० चे वेबपी, ती शार्पवाली टिक मारून. पिशव्यांचा फोटो २१० केबीवर थांबवला, त्याच्याखाली जोड विरघळायले लागला. फळांचे ६०-७० मध्येच बसले. कोळशीच्या पानाले मात्र १२०० पुरत नाही, बोटानं मोठं केलं का फाटते. त्याचं काय करू? अन् दुसरं, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली का पहिले फोटो दिसत होता, आता नुसतं नाव येऊन राह्यलं.


मूळचा_मोर्शीचा

कोळशीच्या पानासाठी दोन फाईली करा. साईटवर १२०० वाला दिसू द्या आणि त्याच्यावर बोट ठेवलं की २००० वाला वेगळा उघडेल अशी लिंक द्या, इमेज ब्लॉकमध्ये लिंकच्या जागी २००० वाल्या फाईलचा पत्ता टाकायचा. ज्याला खरंच रोग पाहायचा आहे तोच मोठा फोटो उतरवेल, बाकीच्यांवर भार नाही. आणि त्याहून चांगलं म्हणजे दुसरा फोटो पान जवळून घेऊनच काढा. अख्ख्या झाडाचा फोटो मोठा करून कोळशी दाखवण्यापेक्षा एक पान पूर्ण फ्रेममध्ये, १२०० मध्येच पुरतं.

व्हॉट्सॲपच्या प्रिव्ह्यूसाठी एक वेगळा जेपीजी ठेवा, १२०० बाय ६३०, तीनशे केबीच्या आत. लिंकचा प्रिव्ह्यू बनवणाऱ्या ॲपांना जेपीजीच सगळ्यात भरवशाचा. तुमच्या एसईओ (गुगलवर साईट सापडावी म्हणून असलेल्या) प्लगइनमध्ये सोशल इमेज म्हणून जागा असेल, तिथं तो निवडा. बदलल्यावर जुनी लिंक लगेच सुधारणार नाही, व्हॉट्सॲप जुनंच धरून ठेवतं, तपासताना लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा लावून पाठवा.

अजून एक, लेझी लोडिंग, म्हणजे पान खाली सरकवल्यावरच फोटो उतरवणं, चालू असेल तर खालच्या फोटोंना राहू द्या, सगळ्यात वरच्या फोटोला बंद करा, नाहीतर जो फोटो पहिला दिसायला पाहिजे तोच थांबून राहतो. वर्डप्रेस हे स्वतः सांभाळायचा प्रयत्न करतं, पण वर स्लायडर, म्हणजे एकामागून एक सरकणारे फोटो, असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा.


सेतूवाला_दिग्रस

स्लायडर असला तं काढूनच टाका ताई. पाच फोटो उतरवते अन् माणूस पाहते एकच.


नर्सरीवाली_ताई

आहे ना स्लायडर, काकाले लय आवडते तो 😅 काढते म्हटलं तं भांडण होईल. त्याच्यातले दोन फोटो ठेवते अन् बाकीचे खाली टाकते.